सहीचा बोल दीपाला लागू नये

मी, श्रीमती रुखमाबाई नागोराव नगराळे, वय एकसष्ट, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मुकुटबन, तालुका झरी जामणी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत आहे की काही लोकांना तिचा त्रास होतो. मला कोणी धाक घातलेला नाही, आणि घालून पाहावा अशी कोणाची हिंमतही नाही.

पुढच्या महिन्यात नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. ऑपरेशननंतर मला अतिदक्षता विभागात, श्वासाच्या मशीनवर ठेवतील. तेव्हा मला बोलता येणार नाही. डॉक्टर जे विचारतील त्यावर माझ्या वतीने माझी मुलगी दीपा सही करील. मी जगले तर सगळे पेढे खातील. मेले, तर दीपाच्या सहीने मेली असे म्हणणारी तोंडे आमच्या घरात तयार आहेत. हे मी अंदाजाने लिहीत नाही, भोगून लिहिते. म्हणून हे मृत्युपत्र शेती-घरासाठी कमी आणि दीपासाठी जास्त आहे. वणीचे वकील कमलाकरराव म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणाले, "बसत नसेल तर उभे राहू द्या, पण राहू द्या."

कलम १. शेत. माझ्या नावावरच्या शेताचे दोन सारखे भाग करावे, एक दीपाचा, एक मुलगा धम्मरत्नचा. नाल्याकडचा कोणाचा आणि रस्त्याकडचा कोणाचा, ते चिठ्ठी टाकून ठरवावे. आमच्याकडे वाटणी अशीच होते: चिठ्ठ्या पितळी गुंडात, म्हणजे घागरीत, टाकायच्या आणि ज्याला वाचता येत नाही अशा लेकराच्या हाताने एक उचलायची. मामंजींची जमीन वाटली तेव्हा ते लेकरू म्हणजे दीपाच होती. विहिरीचा भाग गेला माझ्या धाकट्या दिराकडे, उकंडाभाऊंकडे. आम्ही हूं की चूं केले नाही. चिठ्ठी ती चिठ्ठी. दीपाने हक्कसोडपत्रावर सही करू नये. भाऊबीजेच्या ताटात बहिणीने जमीन सोडायची पद्धत मला माहीत आहे, माझ्या घरात ती चालणार नाही.

कलम २. घर. मुकुटबनचे घर धम्मरत्नला. बाळा, दवाखान्यातल्या सहीचे काम तुला दिले नाही म्हणून फुगून बसू नकोस. तू राजूरच्या खाणीत बिनधास्त उतरतोस, पण दवाखान्याच्या वासाने तुला भोवळ येते. बाबांच्या वेळी शेवटी तुलाच सलाईन लावावी लागली होती. अंगणवाडीचा वजनकाटा सरकारचा होता, तो मी परत केलेला आहे. पुन्हा कोणी विचारायला आल्यास त्याला दारातूनच वाटेला लावावे.

कलम ३. सोन्याची पोत दीपाला. बँकेत जे असेल ते दोघांना सारखे. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ४. फवारणीचा पंप. हा कोणालाही द्यायचा नाही. त्याला भोके पाडून भंगारात द्यावा. उकंडाभाऊंनी तो मागितलेला आहे, तरी द्यायचा नाही. कारण सांगते.

ज्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली आणि बोंडअळीपायी गावात जो तो फवारत सुटला, त्या वर्षी माझे यजमान नागोराव हाच पंप पाठीवर घेऊन तासात, दोन ओळींच्या मधे, शिरले. औषध पानांवर कमी आणि तोंडावर जास्त पडले. घरी आले, जेवायला बसले आणि म्हणाले, "रुखमा, मले दोन दोन ताटं दिसून राह्यले." मला वाटले, गंमत करतात. मग तोंडाला फेस आला आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या. यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यात नेले. अतिदक्षता विभागात घेतले, घशात नळी घातली, मशीनवर ठेवले.

तिथे डॉ. पद्मजा होत्या. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण मला खुर्ची देऊन मग स्वतः बसल्या. म्हणाल्या, "फवारणीच्या विषावर औषध एकच आहे, पण ते द्यायच्या रीती दोन आहेत. जुन्या रीतीत थांबून थांबून इंजेक्शन देतात. नव्या रीतीत छाती कोरडी होईपर्यंत भराभर वाढवत नेतात आणि मग सलाईनमधून सतत देतात. कोणती चांगली ते आम्हाला अजून माहीत नाही. माहीत असल्यासारखे वागतो, एवढेच. म्हणून हा अभ्यास चालू आहे. कोणाला कोणती रीत, ते चिठ्ठीने ठरते. चिठ्ठी संगणक काढतो. तुम्ही नाही म्हणालात तर जुन्या रीतीने उपचार होतीलच."

उकंडाभाऊ उसळले. "वैनी, सही करू नको! कम्प्युटरले वाचता येते का नाही? मंग? आपन बिनशिकेल लेकरू कायले बसवतो? त्याले वाचता येत नाही म्हनून! ज्याले वाचता येते त्यानं काढेल चिठ्ठी, ते चिठ्ठी कायची?" आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "खालच्या मजल्यावर लेकराईचा वार्ड हाय. एखादं पोट्टं आना, त्याच्या हातून काढा, मंग आमी मान्य करतो."

खरे सांगते, क्षणभर मलाही ते पटले. आमच्या इतक्या वाटण्यांत तोच नियम होता. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुमचा नियम बरोबर आहे. म्हणूनच संगणकाला आम्ही वाचायला काही देतच नाही. नाव नाही, गाव नाही, आडनाव नाही. एक रोगी आला, एवढेच कळवतो."

आडनाव नाही! अहो, मला शाळेत बसायची जागा आडनावाने मिळाली, पाणी आडनावाने मिळाले, अंगणवाडीत माझ्या हातचा खाऊ लेकरांनी खायचा की नाही ते आयांनी माझ्या आडनावावरून ठरवले. आडनाव न विचारता माझ्या माणसाच्या वाट्याला काही येणार, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. मी पेन मागितला आणि ठसठशीत सही केली.

नागोराव वाचले नाहीत. आठवडाभर झुंजले आणि गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजी अजून बसलेले असताना, उकंडाभाऊ भर मांडवात उभे राहून म्हणाले, "वैनीनं सही केली अन् माह्या भावावर प्रयोग झाला. या बाईनं चिठ्ठीवर मारला त्याले." तेव्हापासून लग्नात, बारशात माझ्या पाठीमागे कुजबूज. हीच ती, जिने नवऱ्यावर प्रयोग करू दिला. मी कोणाला उत्तर दिले नाही. दीपाने मात्र हे सगळे ऐकले. मागच्या आठवड्यात मला म्हणाली, "आई, मले भीती वाटते. सही धम्मूले करू दे." माझी पोरगी वाघाला घाबरत नाही, आणि सहीला घाबरते आहे! हे तुमचे काम आहे, उकंडाभाऊ.

अभ्यास संपल्यावर डॉ. पद्मजा एस.टी.ने मुकुटबनला आल्या. ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या त्या सगळ्यांच्या घरी जाणार होत्या म्हणे. ओसरीवर बसून त्यांनी सरळ सांगितले, "नवी रीत चांगली ठरली. नागोरावांच्या वाट्याला जुनी आली होती." वाईट वाटले नाही असे कसे म्हणू? आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. मग चहा ठेवला, बाहेर आले आणि विचारले, "आता सगळ्यांना नवीच देता ना?" त्या म्हणाल्या, "हो. सगळ्यांना."

तर उकंडाभाऊ, नीट ऐका. मी सही केली नसती तरी नागोरावांना जुनीच रीत मिळाली असती, कारण तेव्हा सगळ्यांना तीच मिळत होती. चिठ्ठीने त्यांना नव्या रीतीची एक संधी दिली, ती हुकली. पण जुन्या रीतीत माणसे जास्त मरतात हे कळले ते त्यांच्यासारखी माणसे मोजली गेली म्हणून. गेल्या पावसाळ्यात फुलसिंग राठोडांचा भीमसिंग असाच फेसाळत नेला होता. त्याला नव्या रीतीने औषध दिले. तो पायी चालत तांड्यावर आला आणि आता बापाशी रोज भांडतो. मला त्या सहीची लाज वाटत नाही. मला तिचा अभिमान आहे, आणि हे वाक्य मी शुद्धीत लिहिते.

कलम ५. उकंडाभाऊंना मी मास्क, चष्मा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे नवे घेऊन ठेवले आहेत. ते घालूनच फवारावे, आणि वारा पाहून फवारावे. तुमच्याशी माझे भांडण आहे ते आहेच. ते चालू ठेवायला तुम्ही जिवंत लागता.

कलम ६. दीपा. डॉक्टर काहीही विचारोत, तू दोनच गोष्टी विचार: हो म्हटले तर आईला काय होईल, आणि नाही म्हटले तर काय होईल. सरळ उत्तर मिळाले तर सही कर. उडवाउडवी झाली तर करू नकोस. एखादा अभ्यास चालू असेल आणि मला त्यात घेऊ का म्हणून कोणी विचारले, तर माझ्याकडून हो. आणि आता मशीन नुसती छाती हलवते आहे, बाकी काही उरले नाही, असे ते म्हणाले, तर मला घरी नेण्याच्या कागदावरही तूच सही कर. रडत कर, पण कर.

या प्रत्येक सहीला माझी सही समजावे. हात तेवढा दीपाचा असेल. मी मेले तर आजाराने मेले. माझ्या मुलीला जो कोणी याबद्दल बोल लावील, त्याने तो मला लावला असे होईल, आणि मी त्याला उत्तर इथेच देऊन ठेवले आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी हे कलम भर मांडवात मोठ्याने वाचावे.

मृत्युपत्र मेल्यावरच उघडते असे वकीलसाहेब म्हणतात. मी मात्र हे आज माझ्या अंगणात, साक्षीदारांसमोर आणि उकंडाभाऊंना मुद्दाम बोलावून, पहिल्या ओळीपासून वाचून दाखवले आहे, आणि मग सही केली आहे.

ठिकाण: मुकुटबन
दिनांक: ११ जानेवारी २०२३

रुखमाबाई नागोराव नगराळे

साक्षीदार:
१. फुलसिंग हरिसिंग राठोड
२. नलू देवराव भगत

(सह्या झाल्यावर, त्याच पानावर, वेगळ्या अक्षरात)

मी उकंडा नगराळे. मले यातून वस्तू भेटते म्हनून साक्षीदार होता येत नाही, असं वैनी म्हनते. तरी लिहून राह्यलो. वैनीनं वाचलं ते मी सारं आयकलं. मधात उठून जानार होतो, नाही गेलो. आपरेशनले मी बी येतो नागपूरले. दीपा जिथं सही करन, तिच्या खाली माही बी घ्या. मंग ज्याले बोलाचं हाय त्यानं मले बोलावं.

उकंडा नगराळे