सव्वा सूत

मेडशी,
रविवार

प्रिय रूपाली,

पत्र कुणाचं ते अक्षरावरूनच ओळखलं असशील. फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि इंझोरीला तुझ्या बहिणीच्या दारात येऊन उभं राहायची माझी हिंमत नाही. म्हणून लिहिते.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत तू गेलीस. त्यानंतर अमरदीपनं तुझं मशीन वैष्णवीला दिलं, जगदेवकाकांच्या धाकट्या सुनेला. पोरगी गुणाची आहे. सुईपासून मोजून दोन सूत, म्हणजे पाव इंच अंतरावर, मशीनच्या पत्र्यावर तू चिकटवलेली पट्टी तिनं जपून ठेवली. कापडाची कड त्या पट्टीला टेकवायची आणि मगच पाय हलवायचा, हे तूच आम्हाला शिकवलंस. शहरातून पाच इंचाचे कापलेले चौकोन यायचे, तीन-तीनच्या ओळींत नऊ चौकोन जोडले की एक ब्लॉक, आणि ब्लॉक चौदा इंच भरलाच पाहिजे, नाहीतर गोधडीत शेजारच्या ब्लॉकशी सांधा जुळत नाही. अमरदीप मोजायचा तेवढंच. काम आणणारा तो, परत पाठवणाराही तोच.

मागच्या मंगळवारी वैष्णवीचे ब्लॉक तीन सूत कमी भरले. अमरदीपनं गठ्ठा तिच्यापुढं टाकला आणि म्हणाला, "तुले चौदा इंच मोजता येत नाई का?" तेच शब्द, रूपाली. तुला कामावरून काढताना म्हणाला होता तेच. वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तू तेव्हा रडली नव्हतीस. "माही शिवण बरोबर हाये," एवढंच म्हणून तू माझ्याकडे पाहिलं होतंस. मी मान खाली घालून बॉबिन भरत बसले होते.

या वेळी मी उठले. वैष्णवीच्या शिवणीला मोजपट्टी लावली. दोन सूत, कुठंच चूक नाही. मग न शिवलेले चौकोन घेतले आणि सगळ्यांसमोर एकेक मोजला. गठ्ठ्यातले वरचे चौकोन पुरे पाच इंच, खालचे सगळे एक सूत कमी. कापणाऱ्यानं एकावर एक जाड थर ठेवून कात्री मारली असेल, खालचं कापड सरकलं असेल. तीन चौकोनांत तीन सूत गेले. अमरदीप हसला. "कापलेला माल चुकीचा असता, तं बाकीच्यायचे ब्लॉक कसे भरले?" त्यानं माझाच पास झालेला ब्लॉक उचलून दाखवला, "हे पाह्य सुकेशनीचं काम."

मी तो ब्लॉक त्याच्या हातून घेतला आणि दोन्ही हातांनी ओढला. शिवण उसवली, कडेचे धागे सुटून आले, मधोमध भोक पडलं. मी म्हटलं, "भाऊ, हा असा भरला. चौकोन लहान होता म्हनून मी दोनाऐवजी सव्वा सूत शिवण घेतली. एका धुण्यात फाटन हे. जिनं खरी शिवण घेतली तिचा कमी भरला, अन तिलेच तुमी काढून देलं."

मनकर्णाबाई, जिच्या ओसरीत आमची मशीनं होती, ती कधी कुणाच्या भांडणात पडत नाही. त्या दिवशी तिनं मोजपट्टी अमरदीपच्या हातात दिली. "आमची शिवण रोज तपासतं नं तू? आता तुहे चौकोन तपास." त्यानं पट्टी खाली टाकली. "काम पाह्यजे का नाई तुमाले? नसन, तं दुसऱ्या गावात देतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग घेऊन जा."

नेलं त्यानं. गठ्ठेही नेले आणि त्याची मशीनंही. सात जणी त्याच्याबरोबर गेल्या, मी त्यांना नावं ठेवत नाही. उरलो पाच जणी. माझं एक जुनं मशीन, मनकर्णाबाईचं एक. घरात बोलणी खाल्ली, चालू हंगामात हातचं काम घालवलं म्हणून. खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवायला बसले. आता चौकोन आम्हीच कापतो, चारच थर ठेवून. वाकडा कापला तर आमचा.

आता जे सांगायला बसले ते. तुझा गठ्ठा परत आला त्याच्या आठ दिवस आधीपासून मला चौकोन लहान असल्याचं ठाऊक होतं. मी गुपचूप सव्वा सूतच शिवण घेत होते आणि तुला सांगितलं नाही. माझे ब्लॉक पास होत होते, तेवढं मला पुरे होतं. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा एक वाक्य बोलले असते तर तू आज इथं असतीस. माफ कर असं मी लिहिणार नाही, तो तुझा प्रश्न आहे. काल शिरपूरच्या एका धर्मशाळेचं चाळीस गोधड्यांचं काम आलं. त्यांच्या कागदावर एक रकाना होता, माप तपासून सही कोण करणार. चौघींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी तुझं नाव लिहिलं. तुला न विचारता लिहिलं, आणि कुणी काहीही म्हटलं, तू स्वतः म्हणालीस तरी, ते मी खोडणार नाही. पहिल्या गोधडीचे ब्लॉक येत्या शनिवारी तयार होतील. सहीची जागा कोरी आहे.

रागावलेली असलीस तरी तुझीच,
सुकेशनी