वुम्बीवरचं उघडं पान

३ जून २०२३, शनिवार

बंद करायचं ठरलं.

फॉर्म थ्रीचे भूगोलाचे पेपर तपासत होते, तेवढ्यात गाथुकूकाकांचा फोन. "जेमेली, तीस तारखेला दुपारी बाराला वुम्बीचं दार लावून टाकू. माझे डोळे गेले, यंत्र म्हातारं झालं, माणसं व्हॉट्सॲपवर पळाली. मढं किती दिवस घरात ठेवायचं?"

"काका, सतरा वर्षं झाली."

"म्हणून तर वास यायला लागलाय!"

काका हसले. मग खोकले. रस्त्यांचं वेड असलेल्या माणसांची इंटरनेटवरची एक जागा, काकांनी सुरू केलेली, एवढंच तर ते होतं. कुठला रस्ता चालू, कुठला वाहून गेला, कुठे बरा चहा मिळतो. वुम्बी म्हणजे धूळ. त्या धुळीत माझी तिशी गेली आणि अर्धी चाळिशी.

फोन ठेवल्यावर एका मुलीच्या पेपरावर मार्कांच्या जागी मी 'पोचलो' लिहून ठेवलं. लाल शाईत! खोडावं लागलं.

५ जून

काकांनी वुम्बीच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे पाठवल्या. पासवर्ड — त्यांच्या पहिल्या बसचा नंबर. मला सतरा वर्षांत कधीही ओळखता आला असता.

८ जून, गुरुवार

काका म्हणतात, दार लावण्याआधी सगळी पानं हिरवी करून टाक. उघडं काही मागे ठेवू नये.

पद्धत किती साधी होती! वाईट रस्त्याला निघताना पान उघडायचं, फोनवरून साधा मेसेज केला तरी चालायचं — 'निघालो'. ते पिवळं दिसायचं. मुक्कामी गेलं की त्याच पानावर 'पोचलो'. मग त्या आठवड्याचा राखणदार ते हिरवं करणार. पान दुसऱ्या दिवशीही पिवळं असलं की फोन सुरू. पुढच्या गावच्या चहावाल्याला, मिशनमधल्या नर्सला, पोलिसाला. किती जण असे सापडले. पातेलं तर दोनदा! (मकोखा. झाकणासकट सुफुरिया पाठीला बांधूनच घराबाहेर पडायचा, म्हणून पातेलं.)

चार हजारांवर पानं हिरवी आहेत. एक पिवळं.

दोनचाकी या नावाने लिहिणारा म्बिथी. १४ नोव्हेंबर २०१३, सकाळी सात दहा. 'मरालालहून निघालो. बारागोईवरून तलावाकडे. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे लग्गा कोरडा.'

बाई म्हणजे मी.

चार दिवसांनी त्याची मोटारसायकल लग्ग्याच्या वाळूत सापडली, हँडलपर्यंत पुरलेली. तो नाही सापडला. दहा वर्षं होत आली.

वर्गात मी दरवर्षी शिकवते — लग्गा ही कोरडी नदी; डोक्यावर आभाळ निळं असलं तरी ती भरून येऊ शकते, कारण पाऊस लांब डोंगरात पडलेला असतो. शिकवते! खडूने बाण काढून दाखवते.

११ जून, रविवार

चर्चला गेले नाही. आज लिहूनच टाकते. या वहीतही कधी लिहिलेलं नाही.

वुम्बीचा पहिला नियम : स्वतः ओलांडलेलाच रस्ता लिहायचा. ऐकीव नाही. नियमाची वाक्यरचना माझी, काकांनी फक्त मान डोलावली होती.

१२ नोव्हेंबर २०१३. चार दिवसांची रजा काढून मी मरालालला गेले होते. पोट बिघडलं. पुढे गेलेच नाही, लॉजवर पडून. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तलावाकडून सुकी मासळी घेऊन आलेला लॉरीवाला भेटला. त्याला लग्ग्याचं विचारलं. "कोरडा ठाक! काल पार केला. बकऱ्या बसल्यात त्यात."

माझ्या नव्व्याण्णव नोंदी झाल्या होत्या. शंभर झाल्या की नावापुढे छोटं चाक दिसायचं. त्या वेळी फक्त काकांच्या नावापुढे होतं. मी लिहिलं — 'आज लग्गा ओलांडला. कोरडा.'

एका चाकासाठी!

पोट बिघडलं होतं हे खरं, पण ते कारण नव्हे. दोन दिवस थांबून जाता आलं असतं. मला परत यायचं होतं आणि शंभरही व्हायला हव्या होत्या. लॉरीवाला खोटं बोलला नाही. त्याने त्याचं खरं सांगितलं. ते माझं म्हणून खपवलं ते मी.

पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी गेले तेव्हा कोरडाच होता." म्हणजे खोटं दोनदा.

१४ जून, बुधवार

स्योम्बुआचा फोन आला. म्बिथीची बायको, मचाकोसला असते. एरवी तिचा शब्द वर्षातून एकदाच दिसतो, चौदा नोव्हेंबरला, नवऱ्याच्या पिवळ्या पानावर. 'कनिनीला नवे दात आले.' 'यंदा मका बरा आहे.' 'तुझी आई गेली.' आणि खाली दर वेळी : पान बंद करू नका.

"बाई, जागाच बंद होणार म्हणे?"

"हो, कनिनीची आई. तीस तारखेला."

"मग तो कुठे राहणार?"

पेपरांचा गठ्ठा सारखा करत राहिले. मग तीच म्हणाली, "कागदावर काढून द्या मला. सगळं. एक अक्षर सोडू नका. पोरीला काहीतरी द्यायला हवं ना हातात. थडगं नाही, निदान कागद."

"देते. चोवीसला सगळे निरोपासाठी जमतोय, नाकुरूला काकांकडे या."

"येणारच आहे. तुम्हाला बघायचंय."

मला बघायचंय! का?

१७ जून, शनिवार

थांबलेल्या नोंदींची खोली उघडली. हजारो!

ही काकांचीच करामत. मागे एकदा वैदू लोक वुम्बीत घुसले होते. 'हरवलेलं प्रेम तीन दिवसांत परत. फोन करा.' 'नवरा पळाला? दोरीशिवाय बांधून देतो.' आणि खाली नंबर. तेव्हा काकांनी यंत्रालाच सांगून ठेवलं — फोन नंबर असलेली कुठलीही नोंद परस्पर या खोलीत जाऊन बसेल. राखणदाराने बघायची, बरी असली तर मंजूर करायची. राखणदार दर आठवड्याला बदलायचा आणि प्रत्येक जण आपल्या आठवड्याचं बघायचा. फार तर. मागच्याचं राहिलं ते राहिलं.

काकांना विचारलं, काय करू? "बघत काय बसतेस! सगळं एका बटणाने जाळून टाक. का नवरा शोधायचाय त्यातून?"

"तुमच्या डोळ्यांसाठी औषध आहे का बघते."

"मिळालं तर नंबर लिहून घे."

जाळणार नाही. बघून मग पुसेन. एवढं तरी नीट करावं.

२० जून

म्बिथीचं पान छापलं. एकतीस कागद. शाळेच्या यंत्रावर, मुख्याध्यापिकांची परवानगी काढून. दोऱ्याने शिवलं, वर जाड पुठ्ठा. दोनदा ताडून पाहिलं. एक अक्षर सुटलं नाही.

२४ जून, शनिवार

निरोप झाला. अकरा माणसं आली. एकेकाळी काकांच्या याच अंगणात दीडशे जमली होती.

येण्याआधी प्रत्येकाने शेवटचं 'निघालो' लिहायचं ठरलं होतं. पातेलं समोरच राहतो. रस्ता ओलांडण्याआधी त्यानेही पान उघडलं. 'निघालो. रस्ता खडबडीत. दोन कुत्री आडवी.'

"आणि पोचल्यावर लिहिलं नाहीस, मेल्या!" काका ओरडले. "पिवळा पडलायस तू तिकडे!"

"बोकड भाजून होऊ दे काका, मग पोचेन. रिकाम्या पोटी पोचलं असं मी मानत नाही."

थंडी होती. मक्याच्या पिठाची उगाली, कांदा-टोमॅटोची कचुंबरी, भाजलेलं बोकड. काकांना मांस दिसत नव्हतं, कनिनीने त्यांच्या ताटात तुकडे वेचून ठेवले. बारा वर्षांची झाली. बाप गेला तेव्हा दोनची होती. नाक त्याचंच.

जेवण झाल्यावर स्योम्बुआ माझ्याजवळ येऊन बसली. मी पुठ्ठ्याचं पुस्तक दिलं. तिने उघडलं नाही, मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवला. मी ठरवूनच गेले होते. सांगून टाकलं. लॉरीवाला, चाक, पोलीस, सगळं. मध्येच पातेलं चहा द्यायला आला, तो जाईपर्यंत थांबावं लागलं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय?"

"तुम्ही गेला नव्हता ते. त्यालाही माहीत होतं. आदल्या दिवशी फोनवर हसत होता. म्हणाला, बाई लग्ग्यात उतरल्याच नाहीत. दर वेळी चपला काढून उतरतात आणि वाळू किती गरम ते लिहितात. या वेळी वाळूचा पत्ताच नाही."

खरंच! प्रत्येक लग्ग्याच्या नोंदीत मी वाळू लिहायचे. मलाही आठवलं नव्हतं.

"माहीत होतं तर गेला कशाला?"

"त्याला जायचंच होतं हो. तुम्ही 'भरलाय' लिहिलं असतं तर पूर बघायला गेला असता." मग म्हणाली, "पहिली तीन वर्षं तुम्हाला शिव्या दिल्या. रोज. भाकरी थापतात तशा. मग दमले. आज बघायला आले होते, की तुम्ही सांगता का."

तिने माझ्या चहात साखर घातली. मी साखर घेत नाही. प्याले.

निघताना म्हणाली, "पान हिरवं नका करू. तीस तारखेला बारा वाजेपर्यंत मी उघडून बसणार आहे. जसं आहे तसं जाऊ दे."

सगळे घरी निघाले तेव्हा काकांनी बजावलं, पोचल्यावर लिहा. अकराच्या अकरा पानं मी हिरवी केली. पातेल्याचं सगळ्यात शेवटी.

२५ जून

दहा वर्षांत अशी झोप लागली नव्हती. उठल्यावर त्याचीच लाज वाटली. तिने माफ केलं असं तिने कुठे म्हटलंय? दमले म्हणाली. मी त्याची माफी करून घेतली, सोयीने.

तरी — तो माझ्या शब्दावर गेला नाही. हे खरं आहे ना? एवढं तरी धरून ठेवायला हरकत नसावी.

२८ जून, बुधवार

खोली आवरत बसले आहे. शाळा सुटल्यावर रोज दोन तास. नव्याकडून जुन्याकडे. वैदू, वैदू, वैदू. अधूनमधून एखादं बिचारं खरं माणूस. 'एल्डोरेटला जीपचा पत्रा दुरुस्त करणारा हवा, माझा नंबर —' आठ वर्षं वाट बघतोय! हसू आलं.

काका फोनवर : "अजून पुसतेसच? देवाने तुला राखणदार करूनच पाठवलंय."

उद्या २०१४ संपेल.

३० जून, शुक्रवार

अर्धी रजा टाकली. २०१३ उरलं होतं.

सव्वाअकरा. १४ नोव्हेंबर २०१३, दुपारी चार बावन्न. दोनचाकी.

'लग्गा भरला. गाडी गेली. मी मधल्या खडकावर. फोन लागत नाही, मेसेज जातोय बहुतेक. कोणीतरी बारागोईच्या मिशनमध्ये नर्सला फोन करा, दोर घेऊन या म्हणावं —' पुढे तिचा नंबर. मग : 'पाणी गुडघ्याखाली आहे अजून. बाई, वाळू गार आहे.'

नंबर होता म्हणून नोंद अडकली. त्या आठवड्याची राखणदार मी होते. त्या संध्याकाळी मी वुम्बी तीनदा उघडलं होतं. शंभराव्या नोंदीची अभिनंदनं वाचायला. खोली उघडली नव्हती.

स्योम्बुआच्या एकतीस कागदांत हे नाही.

पुसलं तर बारानंतर कोणालाही, कधीही कळणार नाही.

अकरा एकेचाळीस. मंजूर केलं. त्याच्या पानावर जाऊन बसलं, दहा वर्षं उशिरा.

अकरा सेहेचाळीस. खाली आकडा उमटला — वाचलेले : १.

फोन वाजतोय.