शिल्लक धान्याचे गुण

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकटे साहेब,

खुशाल असशीलच. पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. बाबांचा खोकला बरा आहे, माझे गुडघे कुरकुरतात. त्यांना वृद्धाश्रमात न्यायला तू रविवारी येतोयस, त्याचं नंतर लिहिते.

तुझ्या कंपनीचा इतिहासाचा खेळ आमच्या शाळेत येऊन थडकला. मुख्याध्यापक असे हरखलेत, जणू इतिहास त्यांनीच घडवलाय. माझा सातवीचा तास आता संगणकाच्या खोलीत. मी खडू घेऊन दारात उभी, आणि मुलं वेढा पडलेलं शहर लढवतात. खरे वेढे महिनोन् महिने चालत. तुझा पस्तीस मिनिटांत उठतो, कारण पुढे गणिताचा तास असतो.

आणि गुण कसले, तर कोठारात शेवटी उरलेल्या धान्याचे! मुलं काही दूधखुळी नाहीत. एका मुलीने लगेच शोधून काढलं, की म्हाताऱ्यांना दरवाजाबाहेर घालवलं की धान्य वाचतं, आणि मेलेल्यांत ते धरलेही जात नाहीत. झालं, वर्गभर एकच गिल्ला, "म्हातारे काढ, म्हातारे काढ!" सगळ्यांना पैकीच्या पैकी. मुख्याध्यापकांनी टाळ्या पिटल्या.

वेढ्यात माणसं अशी खरोखर हाकलली जात. तेवढा इतिहास तुला चुकून जमलाय. पण मी तो सांगायची तेव्हा वर्ग गप्प व्हायचा रे. तुम्ही एवढे शिकलेले लोक एकत्र बसलात, आणि बाहेर काढलेल्यांचं पुढे काय होतं हे एकालाही सुचलं नाही? धन्य आहात.

शनिवारी मी तुझा खेळ घरी लावला. बाबा शेजारी येऊन बसले. जन्मभर बस चालवलेला माणूस, माउससुद्धा गिअरसारखा धरला. त्यांनी कुणालाच बाहेर काढलं नाही. धान्य संपलं, शहर पडलं, गुण शून्य.

"अहो बाबा, म्हातारे काढायचे होते," मी म्हटलं.

"असं कसं काढायचं गं? त्यांचीच घरं ना ती?" मग म्हणाले, "कुणी केलाय हा खेळ?"

तुझं नाव मी सांगितलं नाही.

आता जे लिहायचं टाळतेय ते. "ताई, जरा व्यवहाराने बघ, तूही मोकळी होशील," असं तू म्हणालास, तेव्हा मी भाजी चिरत होते आणि फोन स्पीकरवर होता. बाबा आत झोपलेत असं मला वाटलं. ते जागे होते. तेव्हापासून ते ताटात निम्मंच वाढून घेतात. "मला एवढं पुरतं," म्हणतात. घरभर फिरून दिवे विझवतात. काल शेजारणीला विचारत होते, घरबसल्या करता येईल असं काही काम आहे का. या वयात! मी मोरीत जाऊन रडले, आणि मग तुझी अशी चीड आली की हे पत्र दोनदा फाडलं.

मला मोकळं व्हायचं नाही. बाबा इथेच राहतील. रविवारी ये, त्यांच्यासमोर जेवायला बस, आणि ते किती वाढून घेतात ते बघ. गाडीत त्यांचं सामान चढणार नाही.

बाबांनी तुला आशीर्वाद कळवायला सांगितलाय. मी कळवणार नव्हते.

ताई