फळा पुसायची पाळी

३ जून
सामान सुखरूप आले, देवाची कृपा. दोन ट्रंका, शिवणयंत्र, बबडीची छोटी गादी. टेंपोचे साडेचारशे, हमाली साठ. हमाल ऐंशीवर अडून बसला होता, पण मीही काही कमी नाही. यांना विद्यापीठात शिकवायची नोकरी लागली, वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. घर लावून होईपर्यंत लेक, बबडी, माझ्या ताईकडे. वीस तारखेला ताई तिला ओळखीच्यांसोबत गाडीत बसवून देणार.

६ जून
शेजारी ग्रंथपालांची बायको. पोरबाळ नाही, पण बोलायला गोड. म्हणाली, वसाहतीतल्या बायकांसाठी दुपारी वर्ग असतो, विषय 'आठवणींचे लेखन', फी नाही. फुकट म्हटल्यावर मी कशाला सोडते! मॅट्रिकनंतर आज प्रथमच बाकावर बसले. एकीने आठवण सांगायची, बाईंनी फळ्यावर लिहायची, बाकीच्यांनी उतरवून घ्यायची. सांगणारीने मात्र वही मिटायची आणि शेवटी फळा पुसायचा. मी आईने शिकवलेली प्रार्थना सांगितली. हे हसून म्हणाले, घरात दोन-दोन विद्वान झाले, आता पोळ्या कोण लाटणार?

७ जून
सकाळी हात जोडले, तर प्रार्थनेची पहिली ओळच आठवेना. प्रवासाचा शीण असेल. भिंतीपलीकडून शेजारणीचा आवाज येत होता. चाल माझ्या आईची.

११ जून
बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, मग अशी आठवण सांगा जी विसरणे शक्यच नाही, म्हणजे भीती जाईल. पटले. बबडीचा जन्म सांगितला. सातव्या महिन्यातली, कापसात गुंडाळून वाढवलेली, कानामागे तीळ. शेजारणीने वर बघून विचारले, कोणत्या कानामागे? डाव्या, म्हटले. फळा पुसताना हाताला कोमट लागला.

१३ जून
सातव्या महिन्यातली, असे वर माझ्याच अक्षरात आहे. मला मात्र काही— यांना सांगितले. हे म्हणाले, तू वहीत डोके फार घालतेस. प्राध्यापकांचाही असा वर्ग आहे म्हणे. हे कालपासून जातात.

१६ जून
वर्गाला गेले नाही. शेजारीण जिन्यात भेटली. वीसला तिची मुलगी यायची आहे. गादीला खोळ शिवायला माझे यंत्र नेले. मी म्हटले, वा, छान झाले. घरात आले आणि छोटी गादी उलगडून बसले. का ते—

१९ जून
ही छोटी गादी कोणाची? हे म्हणाले, शेजारणीच्या मुलीची असेल, देऊन टाक. दिली.
देवा, मागची पाने वाचते तेवढेच कळते. वाचून मिटले की—

२० जून
खाली रिक्षा थांबली. शेजारणीचा हात धरून दोन वेण्यांची मुलगी उतरली. वर माझ्या खिडकीकडे बघून हात सोडवला, आई म्हणून ओरडली. रडत होती. शेजारणीने तिला आत ओढले. हे म्हणाले, दमलेली पोर, कोणालाही आई म्हणते.
ती अजून भिंतीवर थापा मारते आहे—
ताई, हे पान फाडून तुला धाडते आहे; वहीत मागे लिहिले आहे की तू माझी बहीण. तेवढ्यावर विसंबून विचारते. तू गाडीत कोणाला बसवलेस? कोणाकडे पाठवलेस? उलट टपाली कळव. ताबडतोब. बाई दारात आल्या आहेत, म्हणतात आज फळा पुसायची पाळी माझी, आणि मी त्यांना अजून काय सांगि—