खळ निघालेलं शीड

प्रिय योगेंद्र,

'प्रिय' लिहायला हात तयार नव्हता, पण पत्राची रीत म्हणून लिहिलं. मी फोन केला की तू कापतोस, मेसेजवर नुसत्या निळ्या खुणा पडतात. मग म्हटलं, कागदावरच लिहावं आणि तुझ्या ज्योतीच्या हाती उधन्याला पाठवावं. ती आधी वाचेल. वाचू दे, आपला नवरा काय चीज आहे ते तिलाही कळू दे. समोर असतास तर अहिराणीत असा झाडला असता की गल्ली गोळा झाली असती. लिहिताना तो जोर येत नाही, तरी बघते किती जमतं ते.

भाऊबीज आठव. मी ओवाळलं आणि तू ताटात ते पांढरंशुभ्र कापड ठेवलंस. तुझ्या भाचीच्या, मनीषाच्या होडीचं शीड फाटलं होतं. तापीवर शिडाच्या होड्या शिकवणाऱ्या सोळंकी सरांनी जुनं शीड नमुन्याला दिलं होतं आणि नवं मी शिवणार होते. कापड मामाच देणार, असं तूच सगळ्यांसमोर मिरवलंस. मी तुला बजावलं होतं की कापड ताणलं जाता कामा नये. तू ते चिमटीत धरून फडकावलंस, पापडासारखं वाजलं. वर म्हणालास, "ताई, लोखंड आहे लोखंड!" अरे, भेस्तानात अर्धी गल्ली माझे ब्लाऊज घालते, आणि मी अस्तराचा वीतभर तुकडासुद्धा पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावत नाही. पण भावाने ताटात घातलेली ओवाळणी बादलीत बुडवून पारखायची? कोणत्या बहिणीचा हात धजेल? दिवस चांगला म्हणून त्याच दुपारी मी सरळ कापायला घेतलं.

तुला वाटलं असेल, शीड म्हणजे काय मोठं, वारा भरायची पिशवी. मलाही तसंच वाटायचं. वारा मागून असेल तर माझी जुनी साडी बांधली तरी होडी पळेल रे. खरी गोष्ट असते ती वाऱ्याच्या तोंडावर परत येण्याची. मनीषाने मला ओट्यापाशी उभं करून ते समजावलं होतं, पोळ्या करपेपर्यंत. शीड ताणून धरलं की त्याला हलकासा बाक येतो. वारा त्या बाकावरून वळून जातो आणि जाता जाता शिडाला तिरकं ओढतो, थोडं पुढे अन् जास्त बाजूला. पण होडीखाली पाण्यात एक उभी फळी असते, ती होडीला बाजूला सरकू देत नाही. मग होडीला पुढे जाण्यावाचून इलाज नसतो. तिने ओला चिंचोका दोन बोटांत दाबून उडवून दाखवला. एका बाजूने वारा दाबतो, दुसऱ्या बाजूने पाणी, आणि होडी अशी सटकते म्हणाली. वाऱ्यात सरळ तोंड घातलं तर शीड नुसतं फडफडतं, म्हणून आधी एकीकडे तिरकं जायचं, मग वळून दुसरीकडे तिरकं. काय आनंद झाला होता मला! माझ्या पोटची पोर वाऱ्याविरुद्ध होडी नेते! फक्त एवढंच, म्हणाली, शिडाचा बाक बिघडला की सगळं संपलं, मम्मी.

आणि तो बिघडला, तुझ्या कृपेने. थंडीत सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो. नवं शीड लावून मनीषा समुद्राच्या दिशेने निघाली, जाताना होडी मस्त गेली. पाणी उडून शीड चिंब झालं. परत फिरायला तिने होडी वळवली, तर शिडाला हे एवढं पोट सुटलेलं. शिडाचा दोर कितीही ओढला तरी ते ताठ होईना, होडी पुढे जायच्या ऐवजी आडवीच सरकत राहिली. त्यात ओहोटी. माझी पोर खाडीच्या मुखाकडे वाहत चालली होती, योगेंद्र! डुमसच्या मच्छीमारांनी दोर टाकून तिला ओढत आणली. घरी आली तेव्हा तिचे तळहात सोलून निघाले होते, जेवण मी भरवलं. सर म्हणाले, मुलगी घाबरली, तिने शिडाचा दोर सोडला. गोव्याच्या शर्यतीतून तिचं नाव काढणार म्हणाले.

त्या संध्याकाळी तू आलास. माझ्या हातची खिचडी दोनदा वाढून घेतलीस आणि तिच्या तोंडावर म्हणालास, पाण्यात पोरींचं काय काम. घास कसा उतरला रे घशाखाली? दुसऱ्या दिवशी मिठाचं पाणी निघावं म्हणून मी शीड बादलीत भिजवलं. पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि तुझं लोखंड माझ्या हातात धोतरासारखं लोळायला लागलं. सगळी खळ होती, नुसती खळ! मिलमध्ये तू फिनिशिंग खात्यात आहेस, खळ पाण्यात टिकत नाही हे तुला झोपेतसुद्धा सांगता येईल. नापास झालेला तागा कडक करून बहिणीच्या ताटात घातलास. मी फोनवर विचारलं तर म्हणालास, गडबडीत आहे. तेव्हापासून तुझी गडबड संपलेली नाही.

मी तेव्हाच सरांकडे निघाले होते, चपला पायात घातल्या होत्या. मनीषाने हात धरला. तिला पाण्यावरच कळलं होतं रे, शीड हाताला मऊ लागल्याबरोबर. तरी तिने सरांना सांगितलं, माझ्याच हातून दोर सुटला. मला म्हणते, "मामाचं नाव घेऊ नको मम्मी, त्याने ओवाळणीत दिलंय. उद्या लग्नात मांडवात मला तोच घेऊन येणार ना?" सरांना काही सांगणार नाही, असा तिने माझ्याकडून शब्द घेतला. तो मी पाळतेय. पण तुला काही सांगणार नाही असं मी म्हटलेलं नाही, म्हणून हे पत्र. सोमवारी गोव्याला नावं जातील. रविवारी सकाळी सर घाटावर असतात. शीड मी वाळवून घडी घालून ठेवलंय, आणि कापून उरलेला तुझ्या कापडाचा कोरा तुकडाही. ये, तो तुकडा बादलीत बुडवून सरांना दाखव आणि स्वतःच्या तोंडाने सांग. आला नाहीस तर पुढच्या भाऊबीजेला माझ्या दारी पाट मांडलेला नसेल. आणि मांडवात पोरीला मी घेऊन येईन. लाज तुझी आहे, योगेंद्र, आणि ती माझी पोर सोललेल्या हातांनी झाकून बसली आहे.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
सुषमाताई