हात न धरता

सावदा,
दि. २ मे १९८९

चि. मंदास,
आबाचा आशीर्वाद. तुझं कार्ड शनिवारी पोचलं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला हात आपोआप वळतो. वर्षभर तेच लिहीत आलो. ऊन मात्र खरंच भारी आहे. दुपारी केळीची पानं मान टाकतात. शेजारच्या बेबाबाईने परवा आपल्यासाठीही कुरडया घातल्या, त्यातला निम्मा चीक शेवंतानेच संपवला. माझा गुडघा बरा आहे.

काल निकाल लागला. शेवंता पहिली पास झाली. नंबर कितवा, ते पुढे लिहितो.

मागच्या जूनमध्ये लेकीला माझ्याकडे सोडून तू धुळ्याला नर्सच्या ट्रेनिंगला निघालीस, तेव्हा एसटीच्या खिडकीतून म्हणाली होतीस, "आबा, तिला लिहायला-वाचायला येऊ द्या. बाकी मी बघते." ते वाक्य हल्ली सारखं आठवतं.

मला वडिलांनी चौथीनंतर शाळेतून काढलं आणि केळीला पाणी द्यायला लावलं, हे तुला ठाऊक आहे. शाळेतून मी काय आणलं असेल तर कविता. चाळीस वर्षं केळीत पाण्याचं दार धरताना म्हणत आलो. केळी ऐकायच्या. माणूस ऐकणारं मिळालं ते आपली शेवंता. एकदा सांगितलं की पाठ! दिवाळीपर्यंत पहिलीचं अख्खं पुस्तक तिला येत होतं, कविता आणि धडेसुद्धा. संध्याकाळी ओट्यावर मांडीवर पुस्तक घेऊन बसायची, ओळीखालून बोट सरकवायची, आणि असा ठेका धरायची की मला माझा वर्ग दिसायचा, शेणाने सारवलेली जमीन, पाटी पुसायचं ओलं फडकं, आमच्या मास्तरांचा हलणारा हात. बेबाबाई म्हणायची, "आबा, तुमची नात बालिष्टर होईन." मी फुगायचो.

सुटीनंतर तिच्या वर्गाच्या सुनंदाबाई घरी आल्या. चहाला नको म्हणाल्या, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"आबा, शेवंताला फळ्यावरचं दिसत नाही. पाटी नाकाला लावते. डोळे दाखवून आणा."

मी हसलो. शेवंताला हाक मारून पुस्तक दिलं. तिने दोन पानं म्हटली, एक अक्षर चुकली नाही. मी विचारलं, "बाई, न दिसणारी पोर असं वाचते का?"

"तिला एखादं दुसरं पुस्तक देऊन बघा," बाई म्हणाल्या. जानेवारीत गावात डोळ्यांचं शिबिर आहे, तिथे न्या, अशी तुझ्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाल्या, "तिच्या आईला पाठवा." मी ती पंचांगात ठेवली. दुसरं पुस्तक दिलं नाही. मंदा, मला राग आला होता, आणि रागाखाली थोडी भीतीही होती. तेवढं कबूल करतो.

शिबिर नेमकं सव्वीस जानेवारीला आलं. त्याच सकाळी झेंड्याखाली शेवंताची कविता होती. टाळ्या पडल्या, सरपंचांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. शिबिराचा लाऊडस्पीकर शाळेतून ऐकू येत होता, इतकं ते जवळ. मी म्हटलं, आज पोरगी किती खुशीत आहे, रांगेत कुठे उभी करायची. तिला घेऊन घरी आलो.

मार्चमध्ये डिपोटी साहेब शाळा तपासायला आले. (आता त्या हुद्द्याचं नाव बदललंय, आपण अजून डिपोटीच म्हणतो.) बाईंनी मलाही बोलावलं होतं, मी मागे भिंतीला उभा. साहेबांनी शेवंतासमोर पुस्तक उघडून धरलं. "वाच बेटा." तिने मोराची कविता सुरू केली. खणखणीत आवाज, बोट ओळीखालून बरोबर सरकत होतं. साहेबांनी तिला शेवटपर्यंत म्हणू दिलं. मग पुस्तक माझ्याकडे वळवलं. पान तळ्याच्या धड्याचं होतं. निळं-हिरवं चित्र. तिला तो मोर वाटला होता.

पोरं खिदळली. तिच्याशेजारी बसणारी गनीची लेक जैनब ताडकन उभी राहिली. "हसू नका रे! फळ्यावरलं मी सांगते तिच्या कानात."

घरी येताना मी विचारलं, "शेवंते, मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू आबा? मले वाटलं, सगळ्यायले असंच दिसतं. मुंग्यावानी." थोडं चालून म्हणाली, "तुम्हीच तं म्हनता, कविता डोये मिटून म्हनावं."



एप्रिलमध्ये तिला जळगावला नेलं, तेही तुला कळवलं नाही. जाड चष्मा लागला. डावा डोळा फार मागे पडला आहे. त्याला कामाला लावायचं म्हणून उजव्यावर रोज पट्टी. डाव्याची नजर किती परत येईल, ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणाले, "आणखी लवकर आणायचं होतं." किती लवकर, ते मी विचारलं नाही.

अजून एक. संक्रांतीला तुला तिच्या हातचं दोन ओळींचं पत्र मिळालं होतं. उशाशी ठेवते म्हणून लिहिलं होतंस. मंदा, पेन्सिल तिच्या हातात होती, पण तिचा हात माझ्या हातात होता.

आता ती पट्टी लावून पुस्तक घेऊन बसते. डोळ्यातून पाणी येतं. म्हणते, "आबा, आंधी तुम्ही म्हना ना." मी तोंडात सुपारी धरून ठेवतो. तरी परवा अर्धी ओळ निसटलीच, आणि तिने लगेच पुढची सगळी कविता म्हणून टाकली, पुस्तक मिटून.

म्हणून लिहितो. दुसरीलाही तिला इथेच राहू द्या, असं तुझ्या कार्डात आहे. नको. दर महिन्याला तपासणी आहे, धुळ्याला मोठा दवाखाना आहे आणि तू त्यातली माणूस आहेस. बेबाबाईची बहीण धुळ्यातच राहते, ती तुम्हा मायलेकींना खोली द्यायला तयार आहे. माझ्याजवळ राहिली तर एखाद्या संध्याकाळी मी तिला ओळ सांगून बसेन. माझा माझ्यावर भरवसा नाही. ती गेल्यावर ओट्यावर काय करायचं, ते मी बघेन.

चष्म्याची डबी, पट्ट्या, जळगावचे कागद आणि बाईंची ती चिठ्ठी पिशवीत भरून ठेवली आहे. चिठ्ठीवरची तारीख बघ.

नंबर आलेला नाही. प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलंय : पाठांतर उत्तम. वाचन नाही. दुसरीत लक्ष द्यावे.

खाली शेवंताने एक शब्द लिहिला आहे. अर्धा तास लागला. दुसरं अक्षर कागदाच्या कडेला घसरलंय, ते तसंच राहू दिलं. मी हात धरलेला नाही.

माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, पण तिला न्यायला ये.

तुझा
आबा


आ
                                        ई