ओट्यावरची पूररेषा

सर, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकायला तुम्ही आता हयात नाही ही पळवाट मला मान्य नाही. अंबरनाथच्या शाळेत संस्कृतच्या तासाला कुणाच्या हातात पेन्सिल दिसली की तुम्ही ती काढून घ्यायचात. ‘ज्याला खोडायचं असतं तो पेन्सिलीनं लिहितो,’ हे वर. आणि स्वतःच्या आयुष्यातली सगळ्यात कामाची रेघ तुम्ही कशानं ओढलीत? पेन्सिलीनं! तीही इतकी फिकट, की गेल्या वर्षी ती शोधायला मला दोन चष्मे, एक टॉर्च आणि तुमच्या सूनबाईंची, म्हणजे आमच्या वहिनींची, भरपूर बोलणी लागली.

तो दिवस मला लख्ख आठवतो. बदलापुरातला तो मोठा पूर ओसरून तीन दिवस झालेले. तुमच्या तळमजल्यावरच्या घरात पायाखाली चिखल, दोरीवर कपड्यांऐवजी पुस्तकं वाळत घातलेली, आणि तुम्ही स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्यापाशी लुंगी खोचून उभे. भिंतीवर गाळाचा डाग जिथं संपतो तिथं मला पट्टी धरायला लावता, रेघ ओढता आणि शेजारी लिहिता, ‘एतावत् जलम्’. एवढं पाणी. मी आपला शिष्यधर्म म्हणून म्हणतो, ‘सर, अक्षर अजून तसंच सुंदर आहे.’ तुम्ही वळून बघता. ‘अरे, अक्षर काय बघतोस? उंची बघ!’ मग मुलाला बजावता, ‘सगळं घर रंगव, ही वीतभर भिंत सोड. माणसाला विसरायला एक रंगाचा हात पुरतो.’

तुमचा आणखी एक टोला मला अजून लागतो. संस्कृतात पहिला आलेला हा विद्यार्थी लग्नकार्यात रोषणाई भाड्यानं देऊ लागला, याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल, पण तसं कधी बोलला नाहीत. शिवमंदिराजवळच्या एका लग्नात मात्र जेवून हात पुसत आलात, माझ्या हजार दिव्यांच्या कमानीकडे पाहिलंत, मागे धडधडणाऱ्या जनरेटरकडे पाहिलंत आणि विचारलंत, ‘मुहूर्त साडेबाराचा ना रे? मग सूर्याला आमंत्रण नव्हतं का?’ अख्खी पंगत हसली. मीही हसलो. घरी जाऊन झोप लागली नाही.

तर सर, सूर्याला आमंत्रण दिलं. उशिरा दिलं, पण रीतसर दिलं.

गेल्या वर्षी नदीकाठच्या सोसायट्यांनी मला बोलावलं. म्हणाले, काठावर लांबून दिसेल अशी भव्य रोषणाई करा, विषय हवामानबदल. (हा विषय हल्ली सगळ्यांना निबंधासारखा पाठ असतो.) मी म्हटलं, जनरेटर नको, नव्या माळा नकोत. त्या मोठ्या पुरात पाणी जिथवर चढलं होतं तिथून, सगळ्या इमारतींवरून, दिव्यांची एकच सलग रेघ ओढू. दिवे सोसायट्यांच्याच घरांतले, बंद पडलेले. माझा भागीदार उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला सिंधी, मेलेले बल्ब जिवंत करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पोत्यांनी बल्ब आले तेव्हा म्हणाला, ‘साईं, आत एलईडीचा एक दाणा जळतो, बस. बाकी सब उसके मातम में बैठते हैं. त्याला बायपास मारला की झालं.’ गच्च्यांवर सोलरच्या पाट्या बसवल्या. दिवेलागणीपासून तासभरच दिवे जळायचे, आणि उजेड खाली पडायचा, नदीच्या डोळ्यांत नाही, एवढं ठरलं.

अडलं ते भलतीकडेच. पाणी नेमकं कुठवर आलं होतं? ज्यांना फ्लॅट विकायचा होता त्यांच्या घरी ते घोट्यापर्यंत आलेलं, आणि ज्यांनी नुकसानभरपाईचा अर्ज केला होता त्यांच्या घरी पंख्यापर्यंत. सगळ्या खुणांवर रंग चढलेला. उरली होती फक्त तुमची वीतभर भिंत.

मोरिवलीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याची लेव्हलची नळी दिली. पारदर्शक, लांबलचक, पाणी भरलेली. एक टोक तुमच्या रेघेला लावलं की पन्नास फुटांवरच्या दुसऱ्या टोकात पाणी त्याच उंचीवर उभं राहतं. ‘मशीन बिघडतं,’ तो म्हणाला, ‘पानी काय बिघडनार?’ वस्तीत शिरून तुंबलेलं पाणीही असंच सपाट असतं. वहिनींच्या खिडकीतून नळी बाहेर काढून आम्ही खुणा करत निघालो आणि शेवटच्या सोसायटीत चेअरमननी हात आडवा घातला. त्यांच्या सखल पार्किंगमध्ये खूण त्यांच्या डोक्यावर जात होती.

‘अहो, दोन फूट खाली घ्या ना,’ ते हळूच म्हणाले. ‘शो तोच दिसेल. रेट पडतात हो आमचे.’

खोटं कशाला सांगू, मी विचारात पडलो होतो. धंदेवाईक माणूस मी, गिऱ्हाईक सांगेल तिथं माळ लावलेला. पण नळीचं टोक सांभाळत वहिनी मागे उभ्या होत्या. ‘चेअरमनसाहेब,’ त्या म्हणाल्या, ‘त्या दिवशी तुमच्या आईंना आम्ही आमच्या माळ्यावर चढवलं होतं. ते काय दोन फूट खालच्या पाण्यातनं?’

चेअरमन नळीतल्या पाण्याकडे बघत राहिले. ‘लावा,’ म्हणाले. ‘पण वायरी नीट लपवा.’

सर, तुम्ही हवे होतात. अंधार पडला आणि पुलापासून शेवटच्या कुंपणापर्यंत रेघ एका दमात उजळली. कुठे दुकानाच्या पाटीवरून, कुठे खिडकीच्या मधोमध, कुठे कुणाच्या तुळशीच्या वर, पण तसूभर वाकडी नाही. पुलावरची माणसं ओरडली. मग प्रत्येक जण खाली जाऊन भिंतीला पाठ लावून स्वतःला मोजू लागला. पोरं उड्या मारत होती. चेअरमननी हात उंच करून पाहिला आणि हात पोचला नाही म्हणून स्वतःच हसले. महिन्याभरात सोसायट्यांनी विजेचे मीटर उचलून रेघेच्या वर नेले. इस्टेट एजंट आता ‘रेघेच्या वरचा फ्लॅट’ असं छातीठोक सांगतात. आणि माझ्या भागीदाराला, ज्याला संस्कृतचा ओ की ठो कळत नाही, कुणी विचारलं हे काय, तर तो ऐटीत म्हणतो, ‘एतावत् जलम्, साईं.’ आयुष्यभर रोषणाई केली. पहिल्यांदाच ताठ मानेनं तुमच्यासमोर उभं राहावंसं वाटलं.

एक गोष्ट मात्र कुणाला बोललो नाही. तुमच्या इमारतीच्या भिंतीवर दिव्यांच्या पट्ट्या बसवल्या, तेव्हा माणसं जेवायला गेल्यावर मी फूटभर वर आणखी भोकं पाडून ठेवली आणि मेणानं बुजवली. तुमच्यामागे पाणी दोनदा आलं. पहिल्यांदा तुमच्या रेघेच्या वीतभर खाली थांबलं, दुसऱ्यांदा चार बोटं. पाऊस आता महिनाभराचा एका दुपारी पडतो. आपली रेघ अपुरी पडेल, आणि ती वर सरकवायची पाळी माझ्याच हयातीत येईल, याची मला भीती वाटते. हे पत्र तुमच्या पत्त्यावर टाकलं तर वहिनी उघडतील, आणि त्या अजून तिथेच, तळमजल्यावर राहतात. म्हणून टाकत नाही.